फार्सच का?

"गंभीर नाटकं सोडून त्या जुन्या फार्सांच्या मागे काय लागलात?" भेटाल तिथे हेच विचारता. आज सांगूनच टाकतो.

फार्स म्हणजे पौराणिक खेळ संपला की लोकांना हसवून घरी पाठवायला जोडलेलं शेपूट, असं मीही समजत होतो. पण एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या खेळालाही फार्सच म्हणत. त्यात राक्षसांचा थयथयाट नाही, पदं नाहीत. माणसं घरात बोलतात तशी बोलतात. आणि किरकोळ कसला? १८७६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या ग्रेट नॅशनल थिएटरात 'गजदानंद ओ युवराज' हे प्रहसन झालं. प्रिन्स ऑफ वेल्सला थेट घरच्या बायकांत नेणाऱ्या एका वकिलाची त्यात टर उडवली होती. महिना संपायच्या आत सरकारने वटहुकूम काढला, त्याच वर्षी नाट्यप्रयोगांचा कायदा केला. १९१० साली खाडिलकरांचं 'कीचकवध' बंद पाडलं तेही याच कायद्याने.

हे सगळं मात्र मी नंतर वाचलं. खरं कारण आत्या.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी एक जुना फार्स बसवला होता. शिकलेली सून चष्मा लावून वाचत बसते, चुलीवरचं दूध उतू जातं, सासू कपाळ बडवते. सुनेचं काम जुन्या रिवाजाप्रमाणे मुलानेच केलं. दूध तीनदा उतू गेलं, तिन्ही वेळा हशा. आत्या तिसऱ्या रांगेत होती. अडतिसाव्या वर्षी रात्रशाळेत जाऊन ती मॅट्रिक झालेली. दुसऱ्या हशाला तिने चष्मा काढला, डबीत ठेवला, आणि डबी पडदा पडेपर्यंत मांडीवर धरून बसली. रिक्षात म्हणाली, "छान बोललात रे सगळे. दूध मात्र माझ्या हातून एकदाही उतू गेलं नव्हतं."

मी म्हणालो, "आत्या, अगं फार्स आहे तो!"

त्या वाक्याशी मी अजून भांडतो आहे. वकिलाला सोलून काढणारं आणि चष्मेवाल्या सुनेला हसणारं तोंड एकच. एकाचं कौतुक करायचं आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करायचा, हे मला जमत नाही. त्या काळचे लोक असंच हसायचे म्हणून सोडून द्यावं, तर आमचं प्रेक्षागृह त्या काळचं नव्हतं. मी स्वतः विंगेत उभा राहून हसत होतो.

त्या फार्सची वही अजून माझ्याकडे आहे. परवा एका मुलीने प्रयोगासाठी मागितली. अजून दिलेली नाही, नाहीही म्हटलेलं नाही.