आमची वाटचाल : १४ नंबरचं पॅनेल

आमच्या पहिल्या बिलबुकावर 'फर्निचर व ध्वनिरोधक कामे' असं छापलेलं आहे. अण्णांनी १९७४ साली परळच्या एका प्रेसमध्ये ती बुकं छापून घेतली. त्यातला 'ध्वनिरोधक' हा शब्द चुकला, हे त्यांना वर्षभरात कळलं. आवाज रोखणं वेगळं आणि हॉलमध्ये आवाज नीट बसवणं वेगळं. पण पंचवीस बुकं छापून आली होती, ती संपेपर्यंत वापरली.

अण्णा सावंतवाडीकडचे सुतार. मुंबईत आले ते कपाटं करायला. एका रेकॉर्डिंग हॉलमध्ये सुटलेली पट्टी बसवायला गेले आणि तिथलेच झाले. शंभर-शंभर वादक एका हॉलमध्ये बसायचे तो काळ. पुष्कळ जण गोव्याचे. समोर सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरनी, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं हे ठरवणाऱ्यांनी, लिहिलेलं नोटेशन, गायक बूथमध्ये, आणि सगळं एकाच वेळी. एक तार चुकली की शंभर जणांचा टेक पुन्हा. अशा हॉलला उंची लागते आणि भिंतींना अक्कल लागते. ती भिंतीला सुताराकडून मिळते, असं अण्णा ऐटीत सांगायचे. (रेकॉर्डिस्ट मंडळींचं मत अर्थातच वेगळं होतं.)

त्यांचं पॅनेल दिसायला साधं. सागवानी फ्रेम, आत ग्लासवूल, त्यावर ताणलेला गोणपाट आणि वर उभ्या पट्ट्या. खरी गंमत दोन पट्ट्यांमधल्या फटीत. फट जितकी बारीक तितका खालचा सूर ती गिळते. म्हणून एका पॅनेलवर अर्ध्या इंचाची फट, शेजारच्यावर पाव इंचाची. नवीन पोरगा नियुक्त झाला की 'सगळ्या सारख्या करू का?' असं विचारायचाच, आणि शिव्या खायचा.

मग मल्टिट्रॅक आलं, म्हणजे एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून नंतर जोडायची सोय. कीबोर्ड आले. व्हायोलिनचा अख्खा ताफा एका माणसाच्या दोन हातांत मावायला लागला. दहा बाय बाराच्या खोलीत गाणी व्हायला लागली आणि मोठे हॉल रिकामे पडले. मुंबईत रिकाम्या हॉलचं काय होतं हे सांगायला नको.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून २००१ मध्ये धंद्यात आले. २००७ साली आम्हाला असं काम मिळालं, जे घ्यायलाच नको होतं. पाडायला काढलेल्या एका हॉलमधलं लाकूड काढून न्यायचं. हॉल अण्णांनीच बांधलेला, पण ते मला आत गेल्यावर कळलं. पहिलं पॅनेल उतरवून उलटं केलं, तर मागे पेन्सिलीने मोठा बाण, त्याच्याखाली 'वर' आणि नंबर. अक्षर ओळखीचं. तरी काम थांबवलं नाही. पगार द्यायचे होते. पहिले तीन टेम्पो वखारीला गेले, सागवान घनफुटाने विकलं.

चौथ्या दिवशी अण्णा आले. ओरडले नाहीत. उघड्या पडलेल्या भिंतींच्या मधोमध उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. ती टाळी वरच्या कोपऱ्यात जाऊन फिरत राहिली, विरायलाच तयार नाही.

"ऐकलंस? गोडाऊन झालं याचं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत जाऊन विकलेलं लाकूड विकलं त्याहून महाग परत घेतलं. ५२ पैकी ५१ पॅनेलं मिळाली. १४ नंबरचं आधीच करवतीखाली गेलं होतं.

तिथून आमचा धंदा वळला. पाडापाडीच्या आधी हॉल मोजून ठेवायचा, जमलं तर वाचवायचा. मोजमाप म्हणजे नुसती टेप लावणं नव्हे. लाउडस्पीकरमधून खर्जापासून तारेपर्यंत चढत जाणारा सूर सोडतो, ठिकठिकाणी माइक ठेवून हॉलचं उत्तर रेकॉर्ड करतो. वीज तोडलेली असेल तर फुगे फोडतो. वॉचमनला आधी सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते हेरिटेजच्या नियमांनी. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, इमारतींना श्रेणी मिळते. पण तिसऱ्या श्रेणीत आतले बदल साधारणपणे चालतात. बंगल्याला हे ठीक आहे. रेकॉर्डिंगच्या इमारतीला बाहेरून पाहण्यासारखं बहुधा काहीच नसतं, जे आहे ते आत. एका ठिकाणी दोन वर्षं हेलपाटे घालून दर्शनी भाग वाचवला. आत फॉल्स सीलिंग घालून जिम निघाली. आमचं बिलही वर्षभर अडकलं.

म्हणून आता मालकांशी भावनेचं बोलत नाही, वापराचं बोलते. पुण्यात प्रभातचा स्टुडिओ टिकला, कारण १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला २०१४ मध्ये आरसीए स्टुडिओ ए हा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ पाडून फ्लॅट बांधायचे चालले होते. तिथे भाड्याने असलेल्या बेन फोल्ड्स या गायकाने जाहीर पत्र लिहिलं, पुढे एकाने ती इमारत विकत घेतली आणि आजही तिथे रेकॉर्डिंग होतं. उलट मालाडला बॉम्बे टॉकीज या जुन्या सिनेमा कंपनीच्या आवारात आज गाळे आणि वर्कशॉप आहेत. 'महल' हा सिनेमा त्याच कंपनीचा. त्यातलं 'आएगा आनेवाला' लताबाई कोपऱ्यातून माइककडे चालत येत गायल्या आणि आवाज दुरून जवळ आला, ती करामत यंत्राची नव्हती, खोलीतल्या अंतराची होती. ती खोली किती लांब होती, हे आता कोण मोजणार? पाडून झाल्यावर हळहळणारे खूप भेटतात, त्यांचे फोन मी उचलते पण लवकर ठेवते.

आजवर अकरा हॉल मोजले. त्यातले तीन उभे आहेत, दोन चालू आहेत. हा हिशेब फार चांगला नाही. घर चालतं ते शाळांच्या सभागृहांवर आणि घरगुती स्टुडिओंवर.

अण्णा २०१६ मध्ये गेले. त्यांची ५१ पॅनेलं भिवंडीच्या गोडाऊनमध्ये आहेत, भाडं दर महिन्याला जातं. वाळवीचं औषध वर्षातून दोनदा. १४ नंबरचं आमच्या जुन्या मिस्त्रींनी शेजारच्या १३ आणि १५ वरून अंदाजाने नवीन केलं, मागे बाणही काढला, पण 'वर' लिहायला मला बोलावलं. कुणाकडे बावीस फूट उंचीचा हॉल असेल तर कळवा, मोजपट्टी आणि फुगे घेऊन येते.