तुम्ही विचारलंत म्हणून: अंदमानातलं बेचाळीस

अंदमानचं बुकिंग झालं की आमच्या सोसायटीतलं कुणीतरी मला गाठतंच. नवऱ्याच्या बदलीमुळे १९९४ ते १९९९ मी पोर्ट ब्लेअरला राहिले, एवढंच माझं भांडवल. बोट लागते का, सामिष न खाणाऱ्यांचे हाल होतात का, सावरकरांच्या कोठडीत फोटो काढू देतात का, हे सगळं विचारून झालं की मी म्हणते, जमलं तर हम्फ्रीगंजलाही जाऊन या. तिथे जपान्यांच्या कैदेत मारल्या गेलेल्यांचं स्मारक आहे, असं सांगितलं की हमखास पुढचा प्रश्न येतो: "पण काकू, जपान्यांनी तर इंग्रजांना हाकललं. नेताजींनी तिथे झेंडा फडकवला. म्हणजे ते लोक आपल्याआधी सुटले ना? तुम्ही कैद कसली म्हणता?"

फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

माझीही समजूत हीच होती. जंगलीघाटला आम्ही भाड्याने राहायचो, शेजारी एक बाई होत्या. मुलं त्यांना नानी म्हणायची, म्हणून मीही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओळख करून दिली, "हम लोग प्री-फोर्टीटू हैं." मी सातारा जिल्ह्यातली. बेचाळीस म्हटलं की माझ्या डोक्यात चले जाव, भूमिगत, प्रतिसरकार. मी कौतुकाने विचारलं, घरात स्वातंत्र्यसैनिक कोण? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तिथे प्री-फोर्टीटू म्हणजे १९४२ च्या आधीपासून बेटावर असलेली घरं. काळ्या पाण्यावर आणलेल्या कैद्यांची मुलं-नातवंडं त्यात बरीच. सरकारदरबारीही ती वर्गवारी चालते. बेचाळीस ही तिथे चळवळ नाही. ती एक रेघ आहे, अलीकडचे आणि पलीकडचे.

ती रेघ २३ मार्च १९४२ ला पडली. त्या दिवशी जपानी उतरले. गोळीबार झाला नाही, करणारं कुणी उरलंच नव्हतं. इंग्रज बहुतेक निघून गेलेले, मागे राहिलेले थोडे अधिकारी पकडले गेले. राजकीय कैदी १९३८ पर्यंत मुख्य भूमीवर परत पाठवले होते, जे साधे कैदी जेलमध्ये होते त्यांना जपान्यांनी सोडलं. त्यामुळे सुरुवातीला लोकांना बरंच वाटलं, हे नानीही कबूल करायच्या. पण ते बरं वाटणं काही दिवसांचंच. अबर्डीन बाजाराच्या बाजूला शिपाई कोंबड्या पकडत घरांत घुसले, तेव्हा झुल्फिकार अली नावाच्या तरुण मुलाने छऱ्याची बंदूक उडवली. कुणाला लागलंही नाही. त्याला शोधून काढून, हालहाल करून सगळ्यांसमोर गोळी घातली. मेजर बर्ड या इंग्रज अधिकाऱ्यावर हेरगिरीचा आळ घेऊन त्याचं डोकं भर लोकांत उडवलं.

आणि मुळात बेट. पळणार कुठे? कोंडून ठेवायला भिंती लागतच नाहीत. सगळी वस्ती जेमतेम वीस हजारांच्या आसपास, चारी बाजूंनी समुद्र, आणि येणारी जहाजं दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या बुडवत होत्या. तांदूळ बाहेरून यायचा, तो बंद पडला. लोकांना विमानतळाच्या कामाला जुंपलं. लांबा लाइनची जी धावपट्टी पुढे वाढवत नेली, तिथेच तुमचं विमान उतरतं. त्या विमानतळाला आता सावरकरांचं नाव आहे.

नानी त्या वेळी दहा-अकरा वर्षांच्या. त्यांना युद्ध आठवायचं ते पोटातून. टॅपिओकाचे कंद, रताळी, जंगलातला पाला, समुद्राचं पाणी आटवून मीठ. कपडे विरले तेव्हा गोणपाटाला भोकं पाडून अंगात घातली. "भात स्वप्नात यायचा," त्या सांगायच्या, "आणि स्वप्नातही मोठा भाऊच आधी घ्यायचा."

एका एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी त्यांच्याकडे दिली. दाण्याचं कूट, जिरं, मिरची, वरून नारळ. चमचाभर खाऊन त्यांनी विचारलं, हे मोती कशाचे? मी म्हटलं, टॅपिओकाचे. त्यांनी चमचा ताटलीत ठेवला आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हे खाऊन आम्ही जगलो, आणि तुम्ही याला उपवास म्हणता?" मग कच्चा कंद कसा किसायचा, कडू निघाला तर पाणी किती वेळा बदलायचं, हे सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं. घाईत अर्धवट शिजवलेला खाऊन मुलं ओकायची. खिचडी त्यांनी संपवली, पण पुन्हा कधी मागितली नाही, आणि मीही नेली नाही.

पावसाळ्यात आमच्या परसात मुठीएवढ्या गोगलगायी यायच्या. एका रात्रीत पालकाचा वाफा फस्त. तिथे सांगतात की या जपान्यांनी खाण्यासाठी आणल्या आणि त्या बेटभर पसरल्या. मी मीठ टाकायची, नानी कुंपणापलीकडून बजावायच्या, "मीठ वाया घालवू नकोस."

आता त्या झेंड्याकडे येते, कारण तुमचा प्रश्न तोच आहे. नेताजी २९ डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला आले, ३० तारखेला जिमखाना मैदानावर त्यांनी तिरंगा फडकवला. बेटांना शहीद आणि स्वराज अशी नावं दिली. त्यांना सेल्युलर जेलही दाखवलं. आणि त्याच वेळी, त्याच जेलमध्ये, डॉ. दिवाणसिंग होते.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. सरकारी डॉक्टर, पंजाबीतले कवी, आडनावासारखं 'कालेपाणी' लावायचे. इंडियन इंडिपेन्डन्स लीगच्या तिथल्या शाखेचे प्रमुख, म्हणजे नेताजींच्याच बाजूचे. जहाजं बुडत होती, जपान्यांना प्रत्येक बेटवासी हेर वाटत होता. खरे हेर जंगलात होते. पोर्ट ब्लेअरचाच एक जुना इंग्रज पोलीस अधिकारी, मॅकार्थी, १९४३ च्या जानेवारीत पाणबुडीतून येऊन माणसांसह गुपचूप उतरला होता. तो सापडला नाही. सापडले ते शिक्षक, कारकून, डॉक्टर, दुकानदार. मार्च १९४३ मध्ये सात जणांना गोळ्या घातल्या. ऑक्टोबरात दुसरी धरपकड झाली, तीत दिवाणसिंग. ८२ दिवस त्यांचा छळ चालला आणि १४ जानेवारी १९४४ ला ते जेलमध्येच गेले. झेंडा फडकल्यावर पंधरा दिवसांनी.

नेताजींना कळलं होतं का, हाही प्रश्न मला विचारतात, जरा रागानेच. जपानी अधिकारी त्यांच्याभोवतून हलत नव्हते, लोकांना जवळ जाऊन बोलता आलं नाही, हे सगळेच सांगतात. नानी मैदानात वडीलधाऱ्यांबरोबर उभ्या होत्या. त्यांना आठवायच्या त्या माणसांच्या पाठी. माझं म्हणणं इतकंच की झेंडा खरा होता आणि कोठडीही खरी होती. पुढे नेताजींचे कर्नल लोगनाथन कारभारी म्हणून आले, पण पोलीस जपान्यांच्याच हातात राहिले. त्यांच्याकडे आली ती शिक्षणखात्यासारखी कामं.

३० जानेवारी १९४४ ला, झेंड्याला बरोबर महिना झाला तेव्हा, ४४ जणांना हम्फ्रीगंजला नेऊन गोळ्या घातल्या. त्यातही लीगची माणसं होती. स्मारकावर नावं आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्याशिवाय तिथे एक कुत्रं होतं. तुम्ही जेलमध्ये ज्या भक्तीने जाता तिच्याशी माझं भांडण नाही, मीही कोठडीच्या उंबऱ्याला हात लावून आले. पण १९२१ ला सावरकर तिथून निघाले आणि कुलूप लागलं, अशा थाटात आपण बाहेर पडतो, ते मला खटकतं.

नानींचे वडील त्या दुसऱ्या धरपकडीत उचलले गेले. कामाच्या ठिकाणाहून नेलं, घरी निरोप शेजाऱ्याने दिला. सात-आठ आठवड्यांनी परत आले ते चालत, पण खांद्यातून हात वर होत नव्हते. पुढची सगळी वर्षं केस नानींनी विंचरून दिले, सदरा त्यांनीच चढवला. आत काय झालं ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. जेलचे काही भाग पाडले गेले आणि तिथेच आताचं सरकारी इस्पितळ उभं राहिलं. तापाने फणफणले तरी म्हातारा तिथे पाऊल ठेवायचा नाही. डॉक्टरला घरी आणावं लागायचं.

शेवट तर शेवटपर्यंत निर्दय. ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध हरल्यात जमा असताना, खाणारी तोंडं कमी करायला शेकडो लोकांना होड्यांत घालून हॅवलॉकजवळ नेलं आणि समुद्रात उड्या मारायला लावल्या. किनाऱ्याला लागलेल्यांतले बहुतेक उपाशी मेले. इंग्रज परत आले ते ऑक्टोबरात. हॅवलॉकला आता स्वराज द्वीप म्हणतात. तुमच्या पॅकेजमध्ये दोन रात्री तिथल्याच असतात, पाणी खरंच फार सुंदर आहे, जा.

आम्ही १९९९ ला निघालो ते चेन्नईच्या जहाजाने, तीन दिवसांचा प्रवास. नानी जेटीवर आल्या, हातात कडीचा मोठा डबा. आम्ही तिघं आणि भात आठ जणांचा, नारळ घातलेला. मी म्हटलं, नानी, जहाजावर जेवण मिळतं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि कडी पुन्हा एकदा दाबून बघितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भात आंबला. तो समुद्रात टाकायला मी डेकवर गेले, कठड्याशी बराच वेळ उभी राहिले, आणि डबा तसाच घेऊन केबिनमध्ये परत आले.