निओव्हिम घे, असे मी म्हणालो

काल सायलीने सहज विचारले, "तुम्ही काय वापरता ते दिसतेच, पण मी कोड लिहायला कोणता एडिटर घेऊ?" आणि स्वतः विम वापरणारा मी क्षणभरही न थांबता "निओव्हिम घे" असे सांगून मोकळा झालो. सल्ला योग्यच होता, आणि तेच मला रात्रभर टोचत राहिले.

२०१४ साली तियागो दे अरुदा यांचा मोठा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, विममध्ये घेतला गेला नाही आणि त्यांनी विमच्याच कोडवरून निओव्हिमची वेगळी चूल मांडली, तेव्हा ही घाई आहे असे मी बजावून सांगितले होते. ते मत मी आजही मागे घेत नाही, कारण इतकी वर्षे एका माणसाने, विमचे कर्ते ब्राम मोलेनार यांनी, प्रत्येक पॅच स्वतः पाहून, त्याला क्रमांक देऊन आत घ्यावा, या पद्धतीत जो संथपणा होता तोच मला तिचा गुण वाटत असे. अर्थात २०१६ मध्ये विम ८ आले आणि पार्श्वभूमीला कामे चालवण्याची सोय त्यात झाली, ती शेजारच्या चुलीवर आधीच काही शिजत नसते तर इतक्या लवकर झाली असती का, याची मला शंका आहे. ते असो.

३ ऑगस्ट २०२३ रोजी ब्राम गेले. त्या दिवसांविषयी इथे लिहिणार नाही. मात्र तेव्हापासून मनात एक भावना घर करून आहे, की आपण मागे राहिलेल्यांपैकी आहोत, आपल्या बोटांना अवगत असलेली भाषा आता फक्त आपल्याच पिढीची आहे, आणि नव्या माणसाला ती शिकवण्याचा धीरही आपल्यात उरलेला नाही. सायलीला दिलेले उत्तर हे त्या भावनेतून आले का? की तिचे काम खरोखरच तिकडे सोपे होईल म्हणून आले? ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेत एडिटरची संरचना (सेटिंग्ज) लिहिता येते, कोडमधल्या चुका आणि सूचना दाखवणाऱ्या भाषा-सर्व्हरची सोय अंगभूत आहे. ही कारणे मी तिला सांगितली आणि ती खरी आहेत. तरीही आपण कोणाला तरी दगा दिला, असे वाटत राहिले.

पण कोणाला? विमला? ख्रिश्चन ब्राबांट आणि त्यांच्या सोबत्यांनी काम हाती घेतले, जानेवारी २०२४ मध्ये ब्राम यांना अर्पण केलेली ९.१ ही आवृत्तीही आली. म्हणजे जे बुडाले असे मानून मी उदास होतो, ते व्यवस्थित चालू आहे. आणि निओव्हिमवाले विमचे पॅच अजूनही मूळ क्रमांकानिशी आपल्याकडे आणत असतात. घर विभागले तरी देवाणघेवाण चालू ठेवणाऱ्यांच्या वतीने मी एकटाच रुसून बसलो आहे, हे लक्षात आल्यावर मात्र मला हसू आले. विम वापरणाऱ्याकडे ब्राम यांनी काही मागितलेच असेल, तर ते युगांडातील मुलांसाठी मदत एवढेच. निष्ठेची अट त्यांच्या परवान्यात कुठेही नाही.

आज दुपारी सायलीने तिची सेटिंग्जची नवी फाइल पाठवली. निम्मी माझ्या विमआरसीवरून, म्हणजे विमच्या सेटिंग्जच्या फाइलवरून, उचललेली होती आणि वर प्रश्न होता, की ही 'सेट नोकंपॅटिबल' ओळ कशासाठी? जुन्या व्हीआय एडिटरसारखे वागणे बंद कर, असे ती ओळ विमला सांगते; निओव्हिममध्ये तिला काही अर्थच नाही, तेव्हा ती काढून टाक, असे मी तिला कळवले. माझ्या फाइलमध्ये ती पहिल्याच ओळीवर आहे. वास्तविक विमआरसी सापडली की विम स्वतःच ते काम करून घेतो, त्यामुळे तिची तिथेही गरज नाही, पण ती मी काढणार नाही.