ब्रिटिश नागरिकत्व: नवरा ब्रिटिश असल्याचा नेमका फायदा किती?

लग्नाला तीन वर्षं झाली की ब्रिटिश नागरिकत्व मिळतं, असं आमच्या साताऱ्याकडच्या समस्त नातेवाइकांनी धरूनच ठेवलं होतं. दर फोनला "झालं का गं तुझं काम?" ठरलेलं. तीन वर्षांची अट खरी आहे, पण अर्ज करायच्या दिवशी हातात आयएलआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी असावी लागते. स्पाउस व्हिसावर आलेल्या माणसाला ती मिळायलाच पाच वर्षं लागतात. मग नवरा ब्रिटिश असल्याचा फायदा काय? एवढाच, की इतरांना आयएलआरनंतर आणखी बारा महिने थांबावं लागतं, आपल्याला लागत नाही. फीमध्ये मात्र सवलत शून्य.

'लाइफ इन द यूके' ही ब्रिटनच्या इतिहास-संस्कृतीची परीक्षा आणि बी१, म्हणजे मध्यम पातळीचं इंग्रजी आयएलआरच्या वेळीच झालं होतं, तेच इथे चाललं. परीक्षेत पंचेचाळीस मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर आले की पास. पुस्तकात आठव्या हेन्रीच्या सहा बायका क्रमाने पाठ कराव्या लागतात. १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर पहिलं करी हाउस काढणारा शेख दीन महंमदही त्यातच भेटतो. नवरा इथेच जन्मला, वाढला, सराव परीक्षेत सपशेल नापास झाला आणि वर मलाच म्हणाला, "हे कुणाला माहीत असतं?"

खरं डोकं खाल्लं ते दिवसांच्या हिशेबाने. शेवटच्या तीन वर्षांत ब्रिटनबाहेर २७० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि त्यातल्या शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नको. जायचा आणि परत यायचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. ऐकायला सोपं आहे. पण ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मुंबईचे शिक्के असतात, त्यातला एखादा नेमका पुसट. शिवाय लंडनहून रात्री निघालं की मुंबईत तारीख दुसऱ्या दिवसाची पडते, म्हणजे शिक्क्यावरून निघायचा दिवस कळतच नाही. शेवटी जुन्या ईमेलमधून विमानाची तिकिटं उकरून काढली आणि प्रत्येक फेरीपुढे दोन्ही तारखा मांडल्या. हे काम अर्ज करायच्या आठवड्यात नाही, आयएलआर व्हायच्या आधीच करून ठेवावं.

आणखी एक अट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. अर्ज पोहोचण्याच्या बरोबर तीन वर्षं आधी, त्या तारखेला, तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवं. मी नेमकी तेव्हा भावाच्या लग्नासाठी गावी होते. म्हणून सगळी कागदपत्रं तयार असूनही अर्ज थोडा पुढे ढकलला. सासूबाईंना वाटलं, सुनेचा विचार बदलला!

दोन रेफरी, म्हणजे तुमची ओळख पटवून अर्जासाठी सही करणारी माणसं लागतात. दोघांची तुमच्याशी निदान तीन वर्षांची ओळख हवी आणि नातं अजिबात नको. एक जण शिक्षक, अकाउंटंट अशा मान्य पेशातला, कुठल्याही देशाचा चालतो. दुसऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट हवा. आपली ओळखपाळख सगळी सासरच्या गोतावळ्यातली, तिथे 'नातं नाही' असा माणूस शोधणं हेच काम. गणपतीत आरतीला भेटणारे एक निवृत्त काका आणि शेजारची शिक्षिका, दोघांनी आनंदाने सह्या केल्या. काकांनी फोटोकडे बघून "ही तूच का?" एवढं मात्र विचारलं.

फी २०२५ मध्ये १,७३५ पौंड होती, म्हणजे जवळपास दोन लाख रुपये. त्यात नागरिकत्व देण्याच्या समारंभाचे १३० धरलेले. अर्ज नाकारला तर समारंभाचे तेवढे परत, बाकी गेले. म्हणूनच हिशेबाचं एवढं पुराण लावलं. त्यानंतर बोटांचे ठसे, फोटो आणि वाट पाहणं. निर्णयाला साधारण सहा महिने लागू शकतात. समारंभात देवाची शपथ घ्यायची की देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायची, हे आधी विचारतात. मी शपथ घेतली. राजाचं राष्ट्रगीत म्हणताना शब्दांचा कागद हातात देतात, त्यामुळे लाज राहते.

पण आपल्या लोकांची अर्धी प्रक्रिया तिथून पुढे सुरू होते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. समारंभ झाला त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं, मग पासपोर्टवर कितीही वर्षं शिल्लक असोत. तो वापरून प्रवास करायचा नाही. आधी ब्रिटिश पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो परत केल्याचा दाखला, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं कार्ड. या काळात गावाकडचं तिकीट काढून ठेवू नका.

वडिलांना फक्त शेतीची काळजी. सातबाऱ्यावर माझं नाव लागेल का, हे त्यांनी तीन-चारदा विचारलं. ओसीआय असलेल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते, असं मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग झालं तर. तसंही एवढी फी भरल्यावर विकत घ्यायला पैसे कुठं राहिलेत तुझ्याकडं?"