नाशिक ते इंदूर, आणि रुसलेलं चार्जिंग सॉकेट

नाशिकहून इंदूरला गाडीने जाताना रस्ता शोधावा लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग धरायचा आणि सोडायचा नाही. धुळ्यापर्यंत त्याचा क्रमांक ६०, पुढे ५२. शिरपूर, सेंधवा, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, मानपूर आणि राऊवरून शहरात. चारशेच्या थोडं वर किलोमीटर. बिजासन आणि मानपूरच्या घाटांत लादलेल्या ट्रकांची रांग असते. तिथे ओव्हरटेकची खुमखुमी नको, आणि उतारावर गिअर खालचाच ठेवा. एवढं पुरे. लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

सेंधव्यानंतर फोनचं चार्जिंग येऊ-जाऊ लागलं. प्लग अंगठ्याने दाबून धरला की चालू, सोडला की बंद. खलघाट ओलांडेपर्यंत तेही गेलं. डॅशकॅम आधीच झोपला होता. लोकमान्य नगरात मावशीकडे पोचलो, तेव्हा फोनमध्ये गल्ली विचारण्यापुरता जीव उरला होता.

मावसभावाने ऐकल्याबरोबर निदान केलं, "दादा, फ्यूज उडला असेल, बदलून टाकू." बहुतेक वेळा खरंच तसं असतं. सॉकेटमध्ये नाणं पडलं किंवा हवा भरायचा पंप जास्त खेचू लागला, की फ्यूज जातो. पण चार्जिंग येत-जात होतं, आणि उडालेला फ्यूज असा मूड बघून चालत नाही. आधी चार्जर दुसऱ्या गाडीत लावून पाहिला, ठीक. मग फ्यूज. तो उपटायचीही गरज नाही. त्याच्या पाठीवर दोन उघडे बिंदू असतात. चावी अ‍ॅक्सेसरीवर (इंजिन बंद, स्टिरिओ चालू) ठेवा, व्होल्ट मोजायच्या मीटरची काळी तार गाडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल तार एकेका बिंदूवर टेकवा, दोन्हीकडे १२ व्होल्ट आले तर फ्यूज धडधाकट. आमचा होता.

खरी गंमत पुढे आहे, आणि इथेच बरेच जण फसतात. सॉकेटमध्ये मीटर घातला तर १२.५ व्होल्ट! म्हणजे सॉकेट चांगलं? नाही. मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे जळकट संपर्कातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. भार टाकल्याशिवाय सॉकेट खरं बोलत नाही. भावाने जुन्या चार्जरच्या प्लगला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. बल्ब मिणमिणला आणि त्याच्या टोकांवर जेमतेम सात व्होल्ट राहिले. सॉकेटच्या मागच्या कनेक्टरवर मात्र त्याच वेळी बारा कायम होते. वायरिंग निर्दोष, दोषी खुद्द सॉकेट. (कनेक्टरवरही व्होल्ट पडले असते, तर मीटरची काळी तार गाडीच्या उघड्या धातूला लावून बघायचं. तिथे पूर्ण बारा आले तर अर्थिंग ढिली.)

काढल्यावर कारण डोळ्यांसमोर आलं. तळाच्या पितळी पट्टीचा रिव्हेट काळा पडला होता आणि नखाने हलत होता. अशा जागी ०.२ ओहमचा अडथळा धरा आणि पंपाचे ८ अँपिअर. १३ वॅटच्या घरात उष्णता, तीही डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत. प्लास्टिक पिवळं पडणारच.

नवं सॉकेट छोटी ग्वालटोलीत घेतलं, सरवटे बस स्टँडच्या अलीकडे-पलीकडे पार्ट्सची दुकानं आहेत तिथे. जुनं हातात घेऊनच जा. दुकानदार विचारतो, "भिया, ओरिजिनल दूँ या चलताऊ?" ओरिजिनल घ्या. कनेक्टरच्या पिना मोजा. दिवा असलेल्या सॉकेटला एक पिन जास्त असू शकते. सिगारेट लायटरचं आणि नुसतं पॉवर आउटलेट दिसायला सारखं असतं, पण आउटलेटमध्ये लायटर खुपसायचा नाही, ते त्या उष्णतेसाठी बनवलेलं नसतं.

बदलायचं काम जेवणाआधीचं. बॅटरीची निगेटिव्ह तार १० च्या पान्याने सोडा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. पॅनेल स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, ओरखडे कायमचे राहतात. जुनं एटीएम कार्ड बरं. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो. सॉकेटच्या आतल्या भिंतीवर समोरासमोर दोन खाचा दिसतील. त्यातून डोकावणारी प्लास्टिकची खुंटी बारीक स्क्रूड्रायव्हरने आत दाबत नळी बाहेर ओढायची. बसवताना खाच आणि खुंटी जुळली की 'टक्' आवाज येतो. वायर कुठेही कापायची नाही; वॉरंटी असेल तर नाहीच नाही.

मावशी तोवर दोनदा "अरे, भुट्ट्याचा कीस गार होतोय" म्हणून गेली होती.

बसवल्यावर तोच बल्ब दहा मिनिटं पेटता ठेवला आणि सॉकेटच्या कडेला बोट लावलं. कोमट चालतं, चटका बसला तर परत उघडा. या रस्त्याने निघणाऱ्यांनी डिकीत मीटर, टेस्ट बल्ब आणि गाडीत असलेल्याच अँपिअरचे दोन फ्यूज ठेवावेत. १५ च्या जागी २० टाकलात तर आधी वायर तापेल, फ्यूज नंतर उडेल. आणि पंप घेणार असाल तर थेट बॅटरीला चिमटे लागणारा घ्या. आउटलेटवर बहुधा १२० वॅटची मर्यादा छापलेली असते आणि दमदार पंप ती सहज ओलांडतो.