तुम्ही विचारलंत म्हणून: डिझेलची स्कूल बस गॅसवर करून मिळते का?

मे महिन्यात स्कूल बसेस पासिंगच्या कामांसाठी गॅरेजवर यायला लागल्या की हा प्रश्नही येतो. संस्थाचालक विचारतात, पालक विचारतात. "आप्पा, शाळानी बस बी गॅसवर करी द्या ना." अमेरिकेत शाळेच्या पिवळ्या बसेस डिझेल सोडून प्रोपेनवर जाताहेत, हे कुणीतरी मोबाइलवर दाखवलेलं असतं. मग धुळ्यात का नको? कामाच्या गडबडीत मी "नाही होत" एवढंच सांगतो आणि विचारणारा हिरमुसतो. मुलांच्या काळजीपोटी विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळायला हवं.

प्रोपेन आपल्याला परका नाही. घरच्या सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. अडचण इंजिनात आहे. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा प्रचंड तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा तिच्यात आपोआप पेटतो. डिझेल साधारण २१० अंशांना आपोआप पेट घेतं, प्रोपेनला साडेचारशेच्या वर उष्णता लागते. त्यामुळे गॅसला ठिणगी द्यावी लागते आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने मिश्रण किती दाबायचं तेही, उतरवावं लागतं. म्हणजे हेड बदला, पिस्टन बदला, डिझेल पंप काढून गॅसचे इंजेक्टर घाला, वायरिंग नवं करा. एवढं केल्यावर जुन्या इंजिनातलं उरतं काय? पेट्रोलच्या गाडीला गॅसचं किट बसतं, कारण प्लग तिच्यात मुळातच असतो.

अमेरिकेतही जुन्या डिझेल बसेसना किट लावून हे झालेलं नाही. तिथे बस नवीच घेतात. ब्लू बर्ड कंपनीच्या प्रोपेन बसमध्ये फोर्डचं ठिणगीवर चालणारं इंजिन असतं; आधी ६.८ लिटरचं होतं, आता ७.३ लिटरचं येतं. तिथल्या पाच लाखांच्या आसपास स्कूल बसेसपैकी वीस हजारांहून जास्त आज प्रोपेनवर आहेत. २०२१च्या कायद्याने स्वच्छ स्कूल बसेससाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर ठेवले. त्यातला मोठा वाटा विजेवरच्या बसेसना, पण प्रोपेन आणि सीएनजीलाही त्यात जागा होती. म्हणजे सरकारने पैसा घातला, तेव्हा संस्थांना बस बदलणं जमलं.

तरीही डिझेल मुलांच्या रस्त्यावरून जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली दिला. हा धूर आत कुठून येतो ते बघायचं असेल, तर बसच्या मागच्या इमर्जन्सी दरवाजाजवळ जा. कडेचं रबर फाटलेलं असतं, एका कोपऱ्यात गळून पडलेलं असतं. तिथल्या खाचेत बोट फिरवलं की काळी, तेलकट काजळी लागते. बस धावताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो आणि त्या फटीतून आत शिरतो. शेवटच्या सीटवर पाचवी-सहावीची पोरं तो श्वासात घेत बसलेली असतात.

एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, बसेसमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आहे आणि तो चांगलं काम करतो. पण साचलेली काजळी जाळायला त्याला गरम धूर लागतो. हायवेवर शिरपूरपर्यंत पळणाऱ्या गाडीला तो मिळतो. गल्लोगल्ली थांबत सात-आठ किलोमीटर फिरणाऱ्या बसला मिळत नाही. फिल्टर चोक होतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढेनाशी होते. मग कुणीतरी मालकाला फिल्टरच काढून टाकायचा सल्ला देतं. असं काम माझ्या गॅरेजवर होत नाही. प्रोपेनला काजळी जवळजवळ होतच नाही, आणि स्कूल बसला त्याचा खरा फायदा तोच. लिटरमागे त्यात डिझेलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज कमी मिळतं. पृथ्वीच्या तापमानाच्या हिशेबातही फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो मुलांच्या छातीत.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही व्हॅनमध्ये घरगुती १४.२ किलोच्या टाकीतला गॅस मोटर लावून भरतात. ते बेकायदा तर आहेच, जीवघेणंही आहे. गाडीची एलपीजी टाकी ८० टक्के भरली की व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा, कारण गरम झाल्यावर आतला द्रव फुगतो. आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५च्या वर जातो. अशा उन्हात ठासून भरलेल्या टाकीवर मुलं बसवायची? शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला तर वर उडून जात नाही, व्हॅनच्या तळाशी साचतो. माझ्या गॅरेजात गाडीखाली उतरायचा खड्डा आहे. गॅसचा वास आला तर तिथे आम्ही दिव्याचं बटणही दाबत नाही. मुलाच्या व्हॅनमध्ये लाल टाकी दिसली, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा.

आपल्यासाठी जवळचा मार्ग सीएनजीचा. कारखान्यातूनच सीएनजीवर बनलेली स्कूल बस आपल्याकडे मिळते, तिची आरसीवर नोंद असते आणि हा गॅस हवेपेक्षा हलका. टाकीत दाब मात्र २०० बारचा, त्यामुळे टाक्यांची तपासणी वेळच्या वेळी व्हायलाच हवी. पंपावर रांग लागते, खेड्यापाड्याच्या रूटला पंप लांब पडतो, हेही खरं. म्हणून सगळ्या बसेस एकदम बदलायला मी सांगत नाही. पुढची जी बस घ्याल ती सीएनजीची घ्या आणि ती शहरातल्या, जास्त थांब्यांच्या रूटवर लावा.

तोवर शाळेच्या परिवहन समितीत दोन कामं लावून धरा. मागच्या दरवाजाचं रबर बदलून घ्या, ते स्वस्तात होतं. आणि शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभ्या बसेसची इंजिनं बंद ठेवायला लावा. ड्रायव्हर ती चालू ठेवतात, त्याचं कारण बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी असते. एकदा बंद केली तर पोरांसमोर धक्का मारायची वेळ येईल, ही त्यांना धास्ती. बॅटरी आणि स्टार्टर नीट करून द्या, मग ते स्वतःहून बंद करतात.