छोट्या भट्टीची कॉइल: तारेच्या निवडीपासून पहिल्या धगीपर्यंत

मागच्या नोंदीत मातीची भांडी भाजायच्या विजेच्या भट्टीचा विटांचा डबा उभा राहिला होता. के-२३ च्या हलक्या, उष्णता अडवणाऱ्या विटा, आतली जागा २२ बाय २२ सेंटिमीटर, उंची १८, बाहेरून सिरॅमिक ब्लँकेट आणि त्यावर पत्रा, झाकण वरून. लक्ष्य १०५० अंश सेल्सियसचं. टेराकोटाची पक्की भाजणी आणि कमी तापमानाचं ग्लेझ त्यात बसतं. स्टोनवेअरच्या, म्हणजे त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला भाजायच्या भांड्यांच्या, वाटेला मी सध्या जात नाही, पुण्यात धायरीतल्या आमच्या गच्चीवरच्या वायरिंगला ते झेपणारही नाही. ही नोंद फक्त कॉइलची, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची आहे.

घरचा १६ अँपिअरचा सॉकेट, २३० व्होल्ट, आणि या आकाराच्या डब्याला २ किलोवॅट पुरे. २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. इथपर्यंत सगळेच येतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण २६ ओहम कुठल्याही तारेतून काढता येतात. बारीक तार घ्या, थोडी लागेल; जाड घ्या, जास्त लागेल. मीटर दोन्ही वेळा तोच आकडा दाखवेल, आणि एक कॉइल दोन-चार भाजण्यांत तुटेल तर दुसरी वर्षानुवर्षं चालेल. फरक पाडते ती वॅट डेन्सिटी, म्हणजे तारेच्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरमधून किती वॅट बाहेर पडायचे आहेत ते.

कँथल ए-१ तारेसाठी हिशेब मांडला. या तारेची रोधकता १.४५, म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तार १.४५ ओहमची. २ किलोवॅट आणि २६.४५ ओहम कायम ठेवले, तर २० नंबरची तार (०.९१ मिमी) जेमतेम १२ मीटर लागते आणि दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास ५.८ वॅट येतात. भट्टीत ही तार स्वतःच्याच उष्णतेने जळणार. १८ नंबर (१.२२ मिमी) २१.३ मीटर, २.४५ वॅट. १७ नंबर (१.४२ मिमी) २९ मीटर, १.५५ वॅट. १६ नंबर (१.६३ मिमी) ३८ मीटर, सुमारे १ वॅट.

१०५० अंशांसाठी १८ नंबर चालली असती. मी १७ घेतली. आठ मीटर जास्तीच्या तारेचे पैसे एकदाच जातात, आणि पुढेमागे भट्टी थोडी वर न्यायची झाली तर हात बांधलेले राहत नाहीत. १६ नंबरला नकार जागेमुळे. एवढी तार या डब्यात कोंबायची तर वेढे एकमेकांना चिकटायला लागतात, मग जाडीचा फायदा तिथेच संपतो.

नंबर म्हणजे इथे एसडब्ल्यूजी, तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप, आपल्या बाजारातलं. परदेशी तक्ते बहुधा एडब्ल्यूजीत, म्हणजे अमेरिकन मापात असतात. त्यांची १८ नंबर १.०२ मिमीची असते आणि तिचा रोध आपल्या १८ पेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त भरतो. दुकानात नंबर सांगा, पण हिशेब नेहमी मिलिमीटरमध्ये करा.

नायक्रोमबद्दल पुष्कळ जण विचारतात. ८०-२० नायक्रोम (८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम) ही जुनी आणि सभ्य तार, अल्बर्ट मार्शचं पेटंट १९०६ चं. तिचा मोठा गुण म्हणजे तापून थंड झाल्यावरही ती लवचीक राहते. पण तारेची स्वतःची मर्यादा १२०० अंश, आणि भट्टी १०५० वर असते तेव्हा तार तिच्यापेक्षा बरीच गरम असते. म्हणजे हातात फार काही उरत नाही. शिवाय निकेलमुळे महाग, आणि रोधकता कमी म्हणून लांबीही जास्त. कँथल ए-१ लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची, मर्यादा १४०० अंश. तापल्यावर तिच्या अंगावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा करडा थर चढतो, तोच तिचं चिलखत. दुर्गुण एकच, पण मोठा: एकदा तापली की आतले कण वाढतात आणि थंडपणी ती काचेसारखी मोडते. तिला द्यायचा तो आकार पहिल्या धगीआधी द्यायचा.

खरेदी तापकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात. काउंटरवरच्या दादांनी वेटोळं पुढे केलं आणि म्हणाले, "ताई, कँथलच आहे, लोहचुंबक लावून बघा." लावला, चिकटला. ही चाचणी खरी आहे, नायक्रोमला चुंबक चिकटत नाही. पण चुंबक कँथल ए-१ आणि डी यांच्यात भेद करत नाही, आणि डीची मर्यादा १३०० अंशांची. साध्या लोखंडी तारेलाही तो चिकटतोच. म्हणून घरी येऊन बरोबर १० मीटर मोजून रोध घेतला. १७ नंबरची ए-१ असेल तर ९.१ ओहम हवेत, डी असेल तर साडेआठ. स्वस्त मल्टिमीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो, आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा. जाडीही मायक्रोमीटरने बघा, कारण १.४२ ऐवजी १.४० भरली तरी रोधात तीन टक्क्यांचा फरक पडतो आणि ए-१ व डीमधलं अंतर त्यात धूसर होतं. तार वजनावर मिळते, ही आणखी एक सोय. या जाडीची ए-१ मीटरला ११.३ ग्रॅम भरते, नायक्रोम १३ च्या वर. माझी तार तिन्ही कसोट्यांना उतरली. भट्टीबाहेर येणाऱ्या टोकांसकट ३१ मीटर, म्हणजे सुमारे ३५० ग्रॅम.

एक इशारा. कँथल कॉइल कशी गुंडाळायची हे नेटवर शोधलं की निम्म्याहून जास्त मजकूर ई-सिगरेटवाल्यांचा येतो. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने त्यांचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी ती माहिती भट्टीला लावू नका. त्यांची तार ०.४ मिमीच्या आसपास, वेढे पाच-सात, बॅटरीवर दोन-तीन सेकंद चालणारी, आणि मध्ये ओला कापूस जो तारेला सतत थंड ठेवतो. ते वेढे मुद्दाम एकमेकांना चिकटवून दाबतात, ऑक्साइडचा थर तेवढ्यापुरता इन्सुलेशनचं काम करतो. भट्टीत तासन्‌तास धगधगणाऱ्या कॉइलचे वेढे चिकटले तर त्याच जागी ती पहिल्यांदा तुटणार. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून उचलण्यासारखी आहे, ती पुढे येतेच.

आता गुंडाळणी. कॉइलचा बाहेरचा व्यास तारेच्या पाच ते सहा पट असावा. त्याहून मोठा झाला की तापल्यावर कॉइल स्वतःच्या वजनाने लोळते. फार लहान केला तर आतली बाजू कोंडते आणि वाकवताना तारेवर ताण येतो. मी बोहरी आळीतून ६ मिमीची सरळ लोखंडी सळई आणली, टोकाला भोक पाडून तारेचं टोक त्यात अडकवलं आणि दुसरं टोक ड्रिलमध्ये धरलं. तार दोन लाकडी पट्ट्यांमधून येऊ द्यायची, पट्ट्या हाताने दाबून ताण ठेवायचा. ड्रिल सगळ्यात हळू. ताण सारखा राहिला तर वेढे आपोआप एकाला एक लागून बसतात. सोडल्यावर तार उसळते आणि आतला व्यास साडेसहाच्या आसपास जातो, बाहेरचा साडेनऊच्या. म्हणजे गुणोत्तर साडेसहाच्या किंचित वर. मी ते चालवून घेतलं, कारण माझी कॉइल खाचेत बसते, हवेत लोंबकळत नाही.

कॉइल एक नाही, दोन केल्या, एकसर जोडलेल्या: खालची तीन फेऱ्यांची आणि वरची तीन फेऱ्यांची. एका लांब कॉइलला सळईही लांब लागते हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. अशा डब्यात खालचा थर थंड राहतो. एकसर जोडणीत दोन्हींतून करंट तोच, त्यामुळे ज्या कॉइलला ओहम जास्त तिला वॅट जास्त. खालची १४ ओहमची (१५.३ मीटर) आणि वरची १२.४ ची (१३.६ मीटर) केली. बेरीज तीच, पण ५३ टक्के धग खाली. दोन कंट्रोलर लावून हेच करता येतं, पण तारेच्या लांबीत भागत असेल तर वेगळं यंत्र कशाला?

या मांडणीचा एक तोटा आधीच लक्षात घ्या. एक कॉइल गेली म्हणून तेवढीच नवी घातली, तर जुनीचा रोध वापराने वाढलेला असतो. मूळचं प्रमाण बिघडतं आणि थकलेल्या जुन्या तारेवरच जास्त भार पडतो. बदलायच्या तर दोन्ही.

घट्ट गुंडाळलेली खालची कॉइल सुमारे ८७ सेंटिमीटर भरली. भट्टीच्या तीन फेऱ्या म्हणजे २६४ सेंटिमीटर. ताणल्यावर दोन वेढ्यांच्या मध्यांमधलं अंतर तारेच्या जाडीच्या दुप्पट तरी हवं, तिप्पट असेल तर उत्तम. खालची बरोबर तिपटीवर येते, वरची थोडी सैल. ताणणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. फरशीवर खडूने खुणा करायच्या, दोघांनी दोन टोकं धरायची, हवं त्याहून थोडं कमी ताणून सोडायचं, मोजायचं, पुन्हा ताणायचं. एकदम हिसडा दिला की हाताजवळचे वेढे उघडतात आणि मधले तसेच मिटलेले राहतात. मिटलेले वेढे एकमेकांची उष्णता अडवतात, तिथे तार जास्त तापते.

शेपट्या, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारी सरळ टोकं, दुहेरी केली. टोक मागे वळवून त्याच तारेला पीळ दिला. रोध निम्मा होतो म्हणून तेवढ्या भागात उष्णताही निम्मी, आणि ती सोडायला अंग दुप्पट. विटेच्या भोकात तार लाल होत नाही, बाहेरचं कनेक्शन शाबूत राहतं. कनेक्शन पोर्सेलिनचं, आत पितळी स्क्रू. सोल्डर इथे अजिबात नको.

खाचा गोल कानशीने घासल्या, १२ मिमी रुंद, तोंड किंचित वर झुकलेलं, म्हणजे कॉइल बाहेर घसरत नाही. कोपऱ्यांत वेढे दाटी करतात, तिथे थोडे जास्त उघडून बसवले आणि त्याच तारेच्या लहान पिना टोचल्या. के-२३ वीट इतकी मऊ की काम भराभर होतं, पण धूळ फार उडते. मास्क लावाच, ब्लँकेट कापताना तर नक्कीच. भेगा बुजवताना सोडियम सिलिकेटवाला लेप खाचेत येऊ देऊ नका, तो कँथलचा ऑक्साइड थर खातो. ग्लेझचा थेंबही तेच करतो.

जोडल्यावर थंड रोध २६.६ ओहम आला. तापल्यावर ए-१ चा रोध साधारण चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात १९०० वॅटच्या आसपास. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो, आणि वॅट दाबाच्या वर्गात बदलतात: २१५ व्होल्ट आले की १७०० च्याही खाली. भाजणी सकाळी लावायची हे त्यावरूनच ठरलं.

पहिली धग रिकाम्या भट्टीत, झाकण किंचित उघडं. विटा पावसाळ्यात ओल धरतात, म्हणून आधी १०० ते २०० अंशांवर बराच वेळ घालवला. ओल्या विटांतून विजेची गळती झाली की आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो आणि दोष कॉइलला दिला जातो. पुढे अंधार करून झाकण काढलं आणि तार मंद लाल होऊ दिली. ई-सिगरेटवाल्यांकडून घेतलेली गोष्ट ती हीच: कॉइल आधी कुठे उजळते ते बघा. वरच्या कॉइलच्या एका कोपऱ्यात चार-सहा वेढे बाकीच्यांच्या आधी नारिंगी झाले. मेन स्विचचे दोन्ही पोल बंद करून, प्लग काढून, तार लाल आहे तोवरच लांब चोचीच्या पकडीने ते उघडले. थंड झाल्यावर हात लावला असता तर मोडलेच असते. फक्त कंट्रोलर बंद करून आत पकड घालू नका. एसएसआर, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, आणि कॉइल उघडी व जिवंत असते. पत्र्याला अर्थिंग आहेच, ते वेगळं तपासलं.

मग झाकण लावून १०५० वर काही तास धरलं, ऑक्साइडचा थर नीट बसावा म्हणून. या वेळात आत लाकूड, कागद, भुसा असं काही धुमसायला ठेवू नये. आत ऑक्सिजन कमी पडला की थर बसत नाही. थंड झाल्यावर तार सगळीकडे एकसारखी फिकट करडी दिसली. कुंभारवाड्यातल्या ओळखीच्या काकांना फोटो दाखवला, तर म्हणाले, "आमच्या आव्याला एवढे लाड नाहीत बाई." खरंय, पण त्यांचा आवा पेंढ्यावर आणि लाकडावर चालतो, त्यात जळून तुटायला तार नाही.

रिकामी भट्टी १०४० पर्यंत जायला साधारण पाच तास लागतात. भरल्यावर जास्त लागतील. वरच्या-खालच्या थरातला फरक कोनांनी, म्हणजे ठरावीक धगीला वाकणाऱ्या मातीच्या लहान सुळक्यांनी, मोजायचा आहे, तो पुढच्या नोंदीत. ५३-४७ पुरेसं आहे की खाली आणखी एखादा ओहम सरकवावा लागेल ते तेव्हाच कळेल.

क्लॅम्प मीटरवर, २३० व्होल्ट असताना, तापलेल्या कॉइलचा करंट ८.३ अँपिअर आला. तो दाबासकट कंट्रोलरच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवलाय. त्याच दाबाला साडेसातवर उतरला, म्हणजे दहा टक्के गेले, की नव्या ३५० ग्रॅम तारेसाठी तापकीर गल्ली.